बीएफएची सीईटी पहिल्यांदा देताय? पेन्सिलीपासून व्हॅलिडिटीपर्यंत सगळं सांगते

बारावीचं वर्ष सुरू झालं की ओळखीतल्या कुणाच्या तरी आईचा फोन येतोच. "अगं आमची पोरगी चित्रं फार छान काढते, तिला मुंबईला जेजे आर्ट कॉलेजला घालायचंय, काय करावं लागतं?" मग मी अर्धा तास बोलते, त्या हो हो म्हणतात, आणि जानेवारीत परत फोन, "फॉर्म कधी निघतो गं?" म्हणून यंदा लिहूनच टाकते. मी कराडची, बीएफएच्या म्हणजे ललित कलेच्या पदवीच्या सीईटीत (प्रवेश परीक्षेत) पहिल्या वर्षी आपटले आणि दुसऱ्या वर्षी लागले, त्यामुळे दोन्हीकडचं माहितीये.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. घरी निवांत बसून, मोबाइलवरचा फोटो बघून, तीन दिवस घालवून सुंदर चित्र काढणं वेगळं आणि अनोळखी हॉलमध्ये, घड्याळ लावून, समोर ठेवलेली बादली जशी दिसतेय तशी काढणं वेगळं. सीईटी दुसरं तपासते. माझ्याबरोबरच्या पहिल्या बॅचमध्ये हात सगळ्यांचेच चांगले होते, गळाले ते बहुतेक वेळेमुळे आणि कागदपत्रांमुळे.

पहिलं, कुठं जायचंय ते ठरवा

बीएफए चार वर्षांचं. बारावी कुठल्याही शाखेतून चालते, त्यामुळे "सायन्स घेतलं आता काय" म्हणून रडू नका. पेंटिंग, स्कल्प्चर, टेक्सटाइल, इंटिरियर, सिरॅमिक, मेटल हे एकीकडे आणि अप्लाइड आर्ट दुसरीकडे असं साधारण समजा. अप्लाइड म्हणजे जाहिरात, इलस्ट्रेशन, टायपोग्राफी, ग्राफिक डिझाइन वगैरे. घरचे विचारतात ना "याने पोट भरतं का", तर त्यांचा जीव अप्लाइडचं नाव घेतलं की जरा खाली बसतो. पण नुसतं घरच्यांसाठी अप्लाइड घेऊन चार वर्षं लोगो करत कुढत बसलेली पोरं मी बघितलीत, आणि पेंटिंग करून ॲनिमेशन स्टुडिओत नाहीतर सिनेमाच्या आर्ट डिपार्टमेंटला मजेत काम करणारीही बघितलीत. तेव्हा जाऊन एकदा दोन्ही डिपार्टमेंटची वर्षाअखेरची प्रदर्शनं बघा, कुठल्या वर्गात तुमचे पाय थांबतात ते कळेल.

कॉलेजं म्हणाल तर मुंबईचं सर जेजे, १८५७ सालचं, सगळ्यांना तेच हवं असतं. जेजेला २०२३ मध्ये अभिमत (डीम्ड) विद्यापीठाचा दर्जा मिळालाय, त्यामुळे त्यांची प्रवेशाची नोटीस वेगळी उघडून वाचायची, सीईटीचं ब्रोशर वाचलं म्हणजे झालं असं धरायचं नाही. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला सरकारी कला महाविद्यालयं आहेत. पुण्यात अभिनव, भारती विद्यापीठ, कोल्हापुरात कलानिकेतन, मुंबईत रहेजा, सावंतवाडीला बांदेकर, यादी बरीच मोठी आहे. जेजे नाही मिळालं तर आयुष्य संपलं असं करू नका. चित्रकार सय्यद हैदर रझा १९३९ ते ४३ नागपूरला शिकले आणि मग जेजेला गेले, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

महाराष्ट्राबाहेर बडोद्याची फाइन आर्ट्स फॅकल्टी (१९५० पासूनची), शांतिनिकेतनचं कलाभवन (१९१९) आणि पणजीला आल्तिन्योवरचं गोवा कॉलेज ऑफ आर्ट. यांची प्रवेशप्रक्रिया आपापली वेगळी, आपल्या सीईटीशी संबंध नाही, तारखा वेगळ्या लिहून ठेवा. बडोद्याला मराठी घरं भरपूर, जेवणाखाण्याचं टेन्शन नाही, ही माहिती फक्त आयांसाठी.

दुसरं, कागदपत्रं. हो, चित्राआधी

मला माहितीये हे वाचायचा कंटाळा येतो. पण मी हेच वगळलं होतं.

डोमिसाइल, दहावी-बारावीचं मार्कशीट, एलसी, आधार. आरक्षणातून जाणार असाल तर जातीचा दाखला, जात पडताळणी म्हणजे व्हॅलिडिटी, आणि लागू असेल तर नॉन क्रिमिलेअर, त्याची मुदत तपासून. ईडब्ल्यूएसवाल्यांना त्यांचं वेगळं सर्टिफिकेट. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. यातलं व्हॅलिडिटी हे एकच असं आहे की ते घाईत मिळत नाही. अकरावीत किंवा बारावीच्या सुरुवातीलाच कॉलेजचं पत्र घेऊन अर्ज टाका. सायन्सच्या पोरांना कॉलेजवाले मागे लागून लागून भरायला लावतात, आर्ट्स-कॉमर्सच्या पोरांना कुणी सांगतच नाही, आणि बीएफएला जाणारी निम्मी पोरं तिथलीच.

दुसरं म्हणजे नाव. माझ्या एलसीवर वडिलांचं नाव 'शिवाजी' आणि जातीच्या दाखल्यावर 'शिवाजीराव'. एका 'राव'पायी मी एका ऑफिसात चार चकरा मारल्या, प्रत्येक वेळी खिडकीपलीकडचे साहेब नवीन कागद सांगायचे, आधी प्रतिज्ञापत्र, मग शाळेचा बोनाफाइड, मग आजोबांचा उतारा. शेवटी झालं, पण ते सगळं झालं मे महिन्यात, जेव्हा मी ऑब्जेक्टची, म्हणजे समोरची वस्तू बघून काढायची प्रॅक्टिस करायला हवी होती. आज रात्री सगळे दाखले जमिनीवर पसरा आणि नावं एकमेकांशी ताडून बघा, स्पेलिंगसकट. दहा मिनिटांचं काम आहे.

फॉर्म सीईटी सेलच्या साइटवर ऑनलाइन असतो, बोर्डाच्या पेपरांच्या आगेमागे सगळी धावपळ येते. फोटो आणि सही ठरलेल्या साइझमध्येच अपलोड होते. कॅफेवाल्यावर सोडू नका, नाहीतर तो स्वतःचा मोबाइल नंबर टाकतो आणि ओटीपी त्याला येतात (खरंच झालंय, माझ्या मैत्रिणीचं).

तिसरं, सामान

फार खर्च करू नका. हाफ इंपिरियलला पुरेल असा प्लायचा बोर्ड, चार मोठ्या क्लिपा. पूर्ण इंपिरियल शीट २२ बाय ३० इंच असते, अर्धी केली की १५ बाय २२, पाव केली की ११ बाय १५. सरावाला पाव शीटवर काम करा, कार्ट्रिज पेपरचा (जाड ड्रॉइंग पेपर) गठ्ठाच आणा, सुटा महाग पडतो. पेन्सिली एचबी, २बी, ४बी, ६बी. शार्पनर फेकून द्या, ब्लेडने नाहीतर कटरने तासा, शिसं लांब काढून, म्हणजे आडवी धरून टोन (उजेड-काळोखाच्या छटा) टाकता येतो. पोस्टर कलर कॅमलिनचे झकास चालतात, इंपोर्टेडच्या नादी लागू नका. गोल ब्रश दोन-तीन, एक फ्लॅट, पाण्याला दोन डबे (एक घाणेरडं पाणी, एक स्वच्छ), आणि जुन्या बनियनचं फडकं, त्याच्यासारखं फडकं नाही.

चौथं, ऑब्जेक्ट. इथं मन लावून वाचा

सीईटीत ऑब्जेक्ट, मेमरी आणि डिझाइन असे चित्राचे तीन पेपर आणि वर सामान्यज्ञानाचा वस्तुनिष्ठ पेपर. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिली असेल तर वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे शब्द ओळखीचे वाटतील, घराणं तेच आहे, फक्त इथं अपेक्षा वाढलेल्या. मार्क, वेळ, माध्यम त्या वर्षीच्या ब्रोशरमधूनच घ्या, सीनियरच्या आठवणीतून नको.

ऑब्जेक्टची प्रॅक्टिस फोटोवरून करू नका. मी पहिल्या वर्षी तीच चूक केली, पिंटरेस्टवरच्या काचेच्या बाटल्या काढ काढ काढल्या. फोटोत कॅमेऱ्याने आधीच सगळं सपाट करून ठेवलेलं असतं, कडा ठरवलेली, उजेड ठरवलेला, तुम्ही फक्त नक्कल करता. समोरची वस्तू मात्र तुम्ही जरा मान हलवली की बदलते, आणि ती कुठं थांबवायची हे तुम्हाला ठरवावं लागतं.

घरात पाट ठेवा, त्यावर पितळी तांब्या, शेजारी एक कांदा आणि मागं घडी मोडलेला टॉवेल. खिडकी एकाच बाजूला असू द्या, वरची ट्यूब बंद. दोन-तीन हातांवर बसा. आता पेन्सिल लगेच कागदाला लावू नका. हात सरळ ताणून पेन्सिल उभी धरा, एक डोळा मिटा, तांब्याची उंची पेन्सिलीवर अंगठ्याने मापा, मग तेच माप आडवं करून रुंदीत किती वेळा बसतंय बघा. कोपर वाकलं की माप खोटं. कागदावर आधी सगळ्या ग्रुपचा, म्हणजे मांडलेल्या वस्तूंचा, मिळून एक हलका चौकोन टाका, म्हणजे तांब्या मोठा होऊन टॉवेल कागदाबाहेर जायचा जो हमखास प्रकार आहे तो होत नाही. तांब्याच्या मधोमध एक उभी रेघ, डावं-उजवं तिच्यावर तोलायचं.

मग तोंडाचा लंबगोल. दहातल्या आठ चित्रांत इथं घोळ असतो. एक, लंबगोलाला टोकं नसतात, लिंबाच्या फोडीसारखी टोकदार केलीत की संपलं. दोन, तुम्ही वरून बघताय, म्हणून तांब्याचं तोंड डोळ्याच्या रेषेजवळ आणि बूड लांब खाली, त्यामुळे बुडाचा वळसा तोंडाच्या लंबगोलापेक्षा जास्त गोलसर दिसतो. पण पाट सपाट आहे हे डोक्यात बसलेलं असतं म्हणून सगळे बुडाला सरळ रेघ मारतात आणि तांब्या हवेत तरंगतो. काचेच्या ग्लासात पाणी भरून डोळ्यापाशी धरा आणि हळूहळू खाली न्या, पाण्याचा गोल कसा उघडत जातो ते एकदा बघितलंत की जन्मात विसरणार नाही.

टोन टाकताना डोळे बारीक करा, बारकावे पुसले जातात आणि तीनच गोष्टी उरतात, उजेड, मधला, काळोख. त्या तीन आधी पूर्ण चित्रभर टाका. एका कोपऱ्यातून फोटोकॉपी मशीनसारखं पूर्ण करत येऊ नका. सावली वस्तूला चिकटलेल्या जागी सगळ्यात गडद, लांब जाईल तशी विरत जाते. पितळेवरचा उजेड जरा मऊ असतो, स्टीलवर मात्र एकदम पांढऱ्याशेजारी एकदम काळा पट्टा येतो, मध्ये काही नाही. आणि बोटाने घासू नका हो! घासलं की सगळा तांब्या मातीचा वाटतो, तपासणाऱ्याला लगेच कळतं.

माझं पहिल्या वर्षी काय झालं तर स्टीलची कळशी आली, तिच्यावरच्या चमकेत मी इतकी रमले की शेजारचं कापड नुसती आउटलाइन राहिलं. चमक सुरेख होती, असं मला अजून वाटतं. मार्क नाही मिळाले. म्हणून घरी वेळ लावताना आईला सांगा, अर्धा वेळ झाला की हाक मार, आणि त्या हाकेला अख्ख्या कागदावर टोन असलाच पाहिजे.

रोज एक ग्रुप. दोन महिन्यांत साठ होतात, त्यातले चाळीस वाईट येतील, येऊ देत.

पाचवं, मेमरी

एसटी स्टँड, भाजी मंडई, पंक्चरचं दुकान, गणपतीची मिरवणूक, पावसातला बसथांबा, अशा धाटणीचे विषय सरावाला घ्या. क्लासवाले एक ठरावीक चित्र पाठ करून घेतात, उजवीकडे झाड, डावीकडे छत्रीवाली बाई, मध्ये पाठमोरा माणूस, आणि विषय कुठलाही येवो तेच चित्र थोडं फिरवून उतरवायचं. क्लासचं चित्र तपासणाऱ्याने त्या दिवशी दोनशे वेळा बघितलेलं असतं. क्लास लावू नका असं नाही म्हणत मी, मीही लावला होता, पण पाठांतर तिथंच ठेवून या.

मी दुसऱ्या वर्षी काय केलं ते सांगते. रोज संध्याकाळी स्टँडवर जायचे, वीस मिनिटं, मोबाइल बॅगेत, स्केचबुकपण बॅगेत. फक्त बघायचं. कंडक्टर तिकिटाचं मशीन कुठल्या हातात धरतो, म्हातारी पायरी चढताना कुठला पाय आधी टाकते, पिशवीच्या वजनाने खांदा किती खाली जातो. घरी येऊन काढायचं. पहिल्या दिवशी एसटीचं दार कुठल्या बाजूला असतं हेच आठवेना, आणि तीन वर्षं मी त्याच एसटीने कॉलेजला जात होते. दुसऱ्या दिवशी मग नेमकं तेच बघून यायचं. मेमरी म्हणजे हेच.

दोन टेक्निकल गोष्टी. सपाट जमिनीवर तुम्ही उभे राहून बघताय असं धरलं तर उभी मोठी माणसं जवळची असोत का लांबची, सगळ्यांची डोकी साधारण एकाच आडव्या रेषेवर येतात, क्षितिजाच्या. फक्त पाय जवळच्यांचे खाली आणि लांबच्यांचे वर. पोरंटोरं, बसलेली माणसं त्या रेषेच्या खाली. एवढ्याने गर्दी नीट उभी राहते. आणि दुसरं, पंजे लपवू नका, सगळ्यांचे हात खिशात आणि पाय गवतात असले की कळतं पोराला काय जमत नाही ते.

सहावं, डिझाइन

हे सोपं वाटतं आणि इथंच रंग वाळत नाहीत. दिलेले आकार घेऊन दिलेल्या मापात रचना करायची, उदाहरणार्थ पान, मासा आणि वर्तुळ. नवखी पोरं सगळी जागा भरून टाकतात, वॉलपेपर होतो. एक आकार मोठा घ्या, कागदाबाहेर कापला गेला तरी चालेल, एक मध्यम, एक बारीक, आणि मोकळी जागापण आकारच समजा.

रंग ताकापेक्षा दाट आणि दह्यापेक्षा पातळ. एका मिश्रणाचा रंग एकदाच भरपूर करून वाटीत ठेवा, मध्येच संपला तर तसाच परत होत नाही, देवसुद्धा करू शकत नाही. पोस्टर कलर वाळला की बदलतो, फिका जरा गडद होतो आणि गडद जरा फिका, म्हणून आधी कडेला ठिपका वाळवून बघा. शेजारचा भाग ओला असताना हात लावू नका, एक भाग इथं, पुढचा तिथं, असं उड्या मारत भरा. घरी झालेल्या डिझाइनचा मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढा. सगळं एकाच राखाडी रंगाचं दिसलं तर तुमचे रंग वेगळे आहेत पण टोन एकच आहे.

सातवं, सामान्यज्ञान

कला, रंगशास्त्र, वास्तू, लोककला, साहित्य-साधनं असं सगळं मिसळून. गाइड घ्या एखादं, पण खरं लक्षात राहतं ते गोष्टीसकट वाचलेलं. म्हणजे जेजेत शिकवणारे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करत होते, आणि जेजेसमोरच्या सीएसएमटीच्या इमारतीवरचं कितीतरी कोरीवकाम जेजेच्याच पोरांनी केलेलं. एकदा हे वाचलं की अजिंठा, ग्रिफिथ्स, सीएसएमटी एका धाग्यात येतात. तसंच वारली चित्रकार जिव्या सोमा मशे, २०११ ची पद्मश्री, कुडाळजवळ पिंगुळीची चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची लोककला), पैठणी, धातूवरचं बिदरी काम.

मूळ चित्रं बघायची असतील तर मुंबईला जायलाच पाहिजे असं नाही. आमच्याकडच्या पोरांना मी सातारा जिल्ह्यातल्या औंधला पाठवते, तिथले राजे पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये सुरू केलेलं भवानी संग्रहालय, रविवर्म्याची, धुरंधरांची खरी चित्रं आहेत. छापील चित्रात न दिसणारा ब्रशचा फटका तिथं नाक लावून बघता येतो (नाक लावू नका, रखवालदार ओरडतो). मुंबईला गेलातच तर जहांगीर आर्ट गॅलरी आणि तिच्या जवळचं एनजीएमए (आधुनिक कलेचं राष्ट्रीय संग्रहालय) एका दिवसात होतं.

पोर्टफोलिओ मागितला तर

पोर्टफोलिओ म्हणजे आपल्या निवडक कामांची फाइल, बाहेरच्या काही ठिकाणी मागतात. पंधरा-वीस कामं खूप झाली. हिरो-हिरॉइनची पोर्ट्रेटं, डोळ्यातून अश्रू आणि अश्रूत पृथ्वी, हे काढा बाहेर. प्रत्यक्ष बघून केलेली स्केचेस, घरातली माणसं झोपलेली, गोठा, गॅलरीतून दिसणारं, एखादं फसलेलं पण धाडसी काम. स्केचबुक असेल तसं न्या, चहाचे डाग असले तरी. आणि "हे का काढलं" विचारलं तर "मला निसर्ग आवडतो" म्हणू नका, जे खरं असेल ते सांगा, आमच्या घरामागं असं दिसतं, एवढंही चालतं.

पेपर आणि त्यानंतर

सेंटर आदल्या दिवशी बघून या. पेपर पाठोपाठ असतात, मध्ये जेवायला कमी वेळ, वडापाव खाऊन डिझाइनला बसाल तर तेलाची बोटं कागदावर उठतात, पोळीची गुंडाळी न्या. कुणाच्याही बोर्डकडे बघू नका, शेजारचा नेहमीच तुमच्यापेक्षा भारी काढत असतो.

निकाल लागला की कॅप राउंड, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या फेऱ्या. पर्याय भरताना खऱ्या पसंतीच्या क्रमाने भरा, "तिकडं मिळणारच नाही" म्हणून वरचं कॉलेज गाळू नका, यादीत टाकायला पैसे पडत नाहीत. पण जिथं काहीही झालं तरी जाणार नाही, ते टाकूही नका, लागलं की डोकेदुखी. प्रत्येक राउंडला सीट घ्यायची का पुढं थांबायचं याचे नियम त्या वर्षीच्या पत्रकात असतात, ते आईबाबांबरोबर बसून मोठ्याने वाचा. शेवटच्या तारखेला रात्री साइट लटकते, दुपारीच उरका.

मिळालेल्या कॉलेजात रिपोर्टिंगला जाताना ओरिजिनल आणि तीन-तीन झेरॉक्स, सगळं चेनच्या प्लॅस्टिक फाइलमध्ये. कापडी पिशवीत नको, तोवर पाऊस सुरू झालेला असतो.